धाव

पीव्हीसी पाइप साधारण ७५-८० डिग्रीला मऊ पडतो. जळगावात अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं माहीत असायला हरकत नव्हती, आमच्या गल्लीतच पाइपच्या कारखान्यात जाणारी तीन घरं आहेत, पण मला ते एप्रिल महिन्यात गच्चीवर उभं राहून डोळ्यांदेखत शिकावं लागलं. चार इंची पाइप, सहा फूट लांब, दोन खुर्च्यांवर आडवा ठेवलेला, एका टोकाला कुकरच्या शिट्टीच्या जागेवरून आणलेली रबरी नळी, दुसऱ्या टोकाला कोंबलेलं फडकं आणि आत सागवानाच्या पातळ पट्ट्या. लाकडाला वाफ दिली की ते वळतं असं व्हिडिओत बघितलं होतं. वळला तो पाइप. उन्हातल्या मेणबत्तीसारखा मधूनच खाली बसला, फडकं निसटलं आणि गरम पाणी कठड्यावरून शेजारच्या काकूंच्या बिबड्यांवर, म्हणजे ज्वारीच्या पापडांवर.

"काय चाललंय रे तुझं?"

"सायकल बनवतोय काकू."

"मग पाइप कशाला उकडतोय?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर सायकल. खूळ डोक्यात आलं फोटोंमुळे. काळी कुळकुळीत फ्रेम, लाकडी मडगार्ड, तपकिरी चामड्याचं सीट, पितळेची घंटी आणि मागे हमखास विटांची भिंत. व्हिंटेज स्टाइल, हँडमेड. एकदा असा एक फोटो बघितला की मोबाइल तुम्हाला रोज दहा दाखवतो, आणि बँकेत दिवसभर केवायसीचे फॉर्म बघणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता असलं काही दिसलं की हात शिवशिवायला लागतात. त्यात दिवाळीला गावी गेलो तर काका गोठा पाडायच्या तयारीत, बैल जाऊन सहा वर्षं झाली, ट्रॅक्टर उभा करायला जागा पाहिजे. कडब्याच्या मागे आबांची सायकल निघाली. भंगारवाला साडेतीनशे देत होता. म्हटलं राहू द्या, मी नेतो.

आमचं गाव पारोळा आणि अमळनेरच्या मध्ये, बोरी नदीच्या अंगाला. आबा कापड विकायचे. दुकान नव्हतं, सायकल होती. वारानुसार गाव ठरलेलं, आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, पहाटे अमळनेरच्या प्रताप मिलच्या कापडाचे गठ्ठे मागे बांधून निघायचे आणि दिवेलागणीला परत. मी त्यांना सायकलवरून उतरताना जास्त बघितलंय, चढताना कमी, कारण निघायचे तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो. उतरायची एक पद्धत होती त्यांची, उजवा पाय मागून फिरवताच यायचा नाही कारण मागे गठ्ठा, म्हणून पाय पुढून, नळीवरून काढायचे, धोतर सावरत. धोतर नेसून पुरुषाच्या सायकलवरून पुढून पाय काढणं ही सर्कस आहे, करून बघा.

सायकल म्हणजे आपली नेहमीची, २४ इंची फ्रेम, २८ बाय दीडची चाकं, रॉड ब्रेक. चिमट्याला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला अजून लटकत होता, सायकलला वर्षाचा कर असायचा तेव्हाचा, नंबर घासून गेलेला. कॅरिअरवर एक फळी होती, तेल आणि धुळीनं काळीठिक्कर, दोन्ही बाजूंनी जवळजवळ वीतभर बाहेर आलेली. ती मी त्याच दिवशी काढली. बोल्ट गंजून एकजीव झालेले, म्हणून हॅक्सॉ ब्लेडनं कापले आणि फळी गोठ्याच्या मोडक्या लाकडांच्या ढिगात टाकून दिली. फोटोंमध्ये असली फळी कुठे दिसली नव्हती.

जळगावला आणून चाचांच्या दुकानात उभी केली. चाचा म्हणजे सायकल मिस्त्री, वय सत्तरीपुढचं, दुकानात आता बारक्या पोरांच्या रंगीत सायकली आणि मॉर्निंग वॉकवाल्या डॉक्टरांच्या गिअरच्या सायकली येतात, पण हात अजून जुनाच. त्यांनी सायकलला हात लावायच्या आधी चष्मा पुसला. मग एकेक वस्तू बोटानं दाखवत गेले. चेनव्हीलमध्ये बी, एस, ए अशी अक्षरं कापलेली, म्हणजे चेनव्हील बीएसएचं, बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कारखान्याचं, त्यांच्या बिल्ल्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असायच्या. पण फ्रेम बीएसएची नाही. पुढच्या नळीवर कंपनीच्या बिल्ल्याची जागा रिकामी, नुसती रिव्हेटची दोन भोकं. हँडल तिसऱ्याचंच. मागची रिम एका कंपनीची, पुढची दुसऱ्या. डाव्या पायडलला रबराच्या जागी लाकडाचे दोन ठोकळे, बाभळीचे, झिजून मधून खोल गेलेले. आणि वरच्या नळीला, सीटपासून चार बोटांवर, पितळेचा एक जाडसर गड्डा, बोटाला लागेल असा.

"भाऊ, ये सायकल नहीं है," चाचा म्हणाले, "पूरी बारात है."

नळी तिथं कधीतरी मोडली होती. कोणीतरी आत लोखंडी सळईचा तुकडा घालून वरून पितळ वितळवून ओतलं होतं. कंपनीत फ्रेम जोडतात ती पण अशीच, नळ्यांची टोकं लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोकळ तुकड्यात घालायची आणि पितळेनं सांधायची, पितळ साधारण ९०० डिग्रीला वितळतं आणि लोखंड तेव्हा नुसतं लाल होतं, म्हणून नळी जळत नाही. फक्त कंपनी ते नंतर घासून गुळगुळीत करते. इथं घासायला कोणाला वेळ नव्हता. मी म्हटलं चाचा, हा गड्डा ग्राइंडरनं काढून टाकू, रंग दिला की दिसणार नाही. चाचा म्हणाले, काढता येईल, पण ज्यानं केलंय त्यानं बरोबर केलंय, याला छेडू नका. मला ते तेव्हा फारसं पटलं नाही, पण गड्डा राहिला.

चाकांचं प्रकरण मी स्वतःहून अंगावर ओढून घेतलं. मला लाकडी रिम पाहिजे होत्या. असतात, खोटं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शर्यतीच्या सायकलींना लाकडी रिम सर्रास असायच्या, वजनाला हलक्या, खड्ड्यात दणका कमी, इटलीत बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून अगदी अलीकडेपर्यंत बनत होत्या. चाचांना फोटो दाखवला. त्यांनी रॉड ब्रेकचा गुट्टा बोटानं वर ओढून दाखवला, रिमच्या आतल्या बाजूला घासणारा, आणि विचारलं, हा लाकडावर किती दिवस घासणार? शिवाय त्या रिमवर टायर डिंकानं चिकटवतात. आपल्याकडे पंक्चर काढणारा पोरगा पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवतो, त्याला चिकटवलेला टायर दिला तर तो दुकान सोडून पळेल.

झालं, लोखंडी रिम. त्या ऑनलाइन मागवल्या, आणि आल्या त्या ३६ भोकांच्या. जुन्या सायकलला पुढे ३२ तारा, मागे ४०. मागे जास्त का तर वजन मागे, माणूस, गठ्ठा, डबलसीट बसलेला मेहुणा, सगळं मागच्या चाकावर. ३६ ची रिम ना पुढे चालते ना मागे. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला, त्या दोन रिम आता गच्चीवर आहेत, बायको त्यावर कारल्याचा वेल चढवायचं म्हणतेय. चाचांकडे शेवटी जुन्याच रिम घासून, नव्या तारा टाकून चाकं बांधली. आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढताना ते एक डोळा मिटून गुट्टा आणि रिममधली फट बघत बसायचे, पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. तार छेडून आवाज ऐकायचे. सगळ्या तारांचा सूर जवळपास एक आला की म्हणायचे, आता बोलते बरोबर. इथं मला एक गंमत कळली. बैलगाडीचं चाक खालच्या आऱ्यांवर उभं असतं, आरे दाबले जातात. सायकलची तार दाबली तर वाकेल, ती नुसती ताणलेली असते, चाळीस तारा चारी बाजूंनी चाकाच्या मधल्या तुंब्याला ओढून धरतात आणि त्या ओढाताणीत चाक गोल राहतं. हे मी चाचांना मोठ्या उत्साहात सांगितलं. ते म्हणाले, तो क्या, पन्नास साल से वही कर रहा हूं.

आता परत लाकूड. पाइप वाकल्यावर मी वाफेचा नाद सोडला आणि सागवानाच्या तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या तशाच ओल्या करून प्लायवूडच्या गोल साच्यावर बांधल्या, मध्ये गोंद लावून, तीन थर. क्लॅम्प एवढे कुठून आणायचे, म्हणून चाचांकडच्या जुन्या ट्यूब फिती कापून करकचून गुंडाळल्या, ही युक्ती मात्र झकास आहे, क्लॅम्पपेक्षा सारखा दाब बसतो. दोन दिवसांनी सोडलं तर मडगार्ड तयार! फोटोतल्यासारखं! मी ते घरात सगळ्यांना दाखवत फिरलो. आठव्या दिवशी त्याचे थर सुटले, पापुद्र्यासारखे. दोष गोंदाचा नव्हता. सागवानात तेल असतं, म्हणूनच त्याला वाळवी लागत नाही आणि म्हणूनच त्याला गोंद धरत नाही. चिकटवायच्या आधी पॉलिश पेपर मारून थिनरनं पुसून घ्यायचं असतं. हे पण व्हिडिओत होतं म्हणे, मी पुढे ढकलून बघितलं होतं.

मग गावी नानांकडे गेलो. नाना सुतार आमच्या गल्लीतलेच, आबांच्यापेक्षा बरेच लहान, पण उठबस आबांच्यात. एकेकाळी बैलगाडीची चाकं करायचे, तुंबा, आरे, पाटे, सगळं वाकसानं तासून. टायरगाड्या आल्या आणि ते काम बसलं. नंतर दरवाजे, खिडक्या, आता डोळ्याला कमी दिसतं म्हणून पाट-पोळपाट. सागवानाची पट्टी त्यांनी हातात घेऊन वाकवली, ती कट्कन मोडली.

"सागवान दरवाजाले," म्हणाले, "वाकाडाले नही."

उठून मागच्या पडवीत गेले आणि एक फळी घेऊन आले, पिवळसर, जड, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. वासाला काहीच नाही. म्हटलं, हे काय?

"धामण शे. सापना मायक वळस."

धामण नावाचं झाड आहे आणि धामण नावाचा साप पण, नानांचा हा विनोद किमान चाळीस वर्षं जुना असावा कारण तो सांगताना ते हसले नाहीत, मी हसतो की नाही ते बघत राहिले. कावडीचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे, गाडीच्या दांड्या, जिथं लाकडानं लवायचं पण तुटायचं नाही तिथं हे लाकूड. पारोळ्याच्या वखारीत नेऊन फळीच्या पट्ट्या काढून आणल्या. नाना म्हणाले वाफबिफ काही नाही, उकड सरळ. त्यासाठी गावपंगतीची कढई आणली, वांग्याच्या भाजीची, तीन फूट तोंडाची. गोठ्यासमोर तीन दगड मांडले, चूल मीच पेटवली, पऱ्हाटीच्या काड्या खाली आणि वर गोठ्यातली मोडकी लाकडं, हाताला येईल ते. कोरडं ठणठणीत लाकूड, भडाभडा पेटलं. एक काळी फळी तर तेल पिऊन असल्यासारखी एवढी छान जळाली की नाना येईपर्यंत पाण्याला उकळ्या फुटल्या होत्या.

पट्ट्या साडेतीन फुटी, कढई तीन फुटी, मग एक टोक उकडायचं, उलटं करायचं, दुसरं उकडायचं. बाहेर काढल्यावर अर्ध्या-एक मिनिटात साच्यावर गेली पाहिजे, नाहीतर परत ताठ. हात भाजतात. नानांचे भाजत नव्हते किंवा ते सांगत नव्हते. त्यांनी पट्टी साच्यावर घातली आणि तळव्यानं नुसती पुढे ढकलत नेली, जोर न लावता, घोड्याच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखी, आणि ती मुकाट्यानं वळत गेली. साचा मी पाहिजे त्याच मापाचा केला होता. नानांनी विचारलं, सोडल्यावर उघडणार ते धरलंस का? नव्हतं धरलं. वळवलेलं लाकूड सोडलं की थोडं परत उघडतं, साचा त्या हिशोबानं घट्ट करावा लागतो. मग साच्याचा व्यास बोटभर कमी केला आणि दुसऱ्या दिवशी परत सगळं पहिल्यापासून, परत चूल, परत कढई. यावेळी थर पुसून, घासून, इपॉक्सीनं चिकटवले. तीन महिने झाले, सुटले नाहीत.

मुठींची गोष्ट मात्र मला जास्त आवडते, कारण त्यात मी पूर्ण तोंडावर आपटलो. शिसवीच्या मुठी मी फेब्रुवारीतच करून घेतल्या होत्या, खरादावर लाटणी करणाऱ्या एकाकडून. हँडलची नळी सातअष्टमांश इंच, म्हणजे २२ मिलिमीटर आणि वर थोडं. भोक एकदम फिट पाडलं, ठोकून बसवल्या. काय दिसत होत्या! मे महिना आला, जळगावचा मे, ४५ डिग्री, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो, आणि एका दुपारी घरात बसल्या बसल्या खोलीतून आवाज आला, टक्. सुपारी फोडल्यासारखा. डावी मूठ उभी चिरली होती. चार दिवसांनी उजवी.

त्या मुठी घेऊन गावच्या लोहारदादांकडे गेलो. भाता आता नाही, ब्लोअर आहे, आणि काम जास्त करून ग्रिलचं आणि ट्रॅक्टरच्या फाळांचं, पण ऐरण तीच. त्यांनी मूठ उलटीपालटी करून बघितली.

"लोखंड मझार आनि लाकूड बाहेर? उलटं करं तुम्ही."

आणि मग एकदम मला लहानपण आठवलं. धाव बसवणं. ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको, पण आता बघितलेलेच कमी राहिले. लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार दोरीनं चाकाचा घेर मोजायचा आणि धाव मुद्दाम त्याहून लहान करायचा, बोट-दीड बोट लहान. मग गोवऱ्यांचा मोठा गोल पेटवून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. साडेचार मीटर लांबीची लोखंडी पट्टी ५००-६०० डिग्री तापली की तीन-साडेतीन सेंटीमीटर वाढते, तेवढ्यात काम. चार माणसं चार सांडशांनी ती उचलून आणायची, चाक जमिनीवर आडवं, त्यावर ठेवायची, लाकूड भपकन पेटायचं, घण पडायचे, कोणीतरी ओरडायचं पानी पानी, आणि घागरी ओतल्या जायच्या. वाफ, धूर, जळक्या लाकडाचा वास आणि त्या सगळ्यात चाकाचा आवाज, करकर करकर, सांधे आत दाबले जाताना. थंड होताना लोखंड आखडतं आणि सगळ्या चाकाला मिठी मारतं. एक खिळा नाही. आम्ही पोरं लांब उभी, आणि आबा आम्हाला मागे ओढत. उन्हाळ्यात मात्र लाकूडच आखडायचं, धाव ढिली व्हायची, मग लोक गाडीची चाकं काढून बोरीच्या डोहात टाकून ठेवायचे रात्रभर. लाकूड पाणी पिऊन फुगलं की धाव परत घट्ट.

म्हणजे लाकूड आखडतं तेव्हा त्याच्या आत काही कडक असेल तर ते चिरणारच, जायला जागा नाही. लोखंड बाहेरून पाहिजे. हे गावातल्या प्रत्येक मुसळाला, प्रत्येक पटाशीच्या दांड्याला माहीत होतं, टोकाला कडं असतं ते शोभेला नसतं. मला वाटत आलं होतं शोभेला.

नव्या मुठी केल्या. भोक यावेळी अर्धा मिलिमीटर सैल, आत लाख. दोन्ही टोकांना पितळेची कडी, लोहारदादांनी जुन्या तांब्याच्या, म्हणजे पाण्याच्या पितळी तांब्याच्या, काठातून केली. कडं मुठीपेक्षा अगदी कागदाएवढं लहान. निखाऱ्यावर तापवलं, पक्कडीनं उचललं, मुठीच्या टोकावर ठेवून लाकडी हातोडीनं दोन टोले, आणि पाण्यात. च्स्स. एवढासा धूर. शिसवीचा जळका, गोडसर वास. मुठीवर कड्याच्या कडेला एक बारीक काळी रेघ राहिली आहे, पॉलिशवाल्यानं विचारलं घालवू का, म्हटलं अजिबात नाही.

त्या दिवशी चहा पिताना लोहारदादांना मी सायकलचा इतिहास ऐकवला, थोडा शहाणपणा करायची खाज असतेच. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या वनखात्यातल्या साहेबानं दोन चाकांची लाकडी गाडी केली, पायडल नाही, चेन नाही, पायानं जमीन रेटत पळायचं. मग १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले, ती गाडी ज्याच्या नावानं खपली तो पिएर मिशो घोडागाड्यांचं लोखंडकाम करणारा लोहार. चाकं लाकडाची आणि वर लोखंडी धाव. इंग्रज तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणायचे. १८८५ ला स्टार्लीची रोव्हर, दोन जवळजवळ सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन, आबांची सायकल तिचीच नात. आणि १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये डनलॉपनं आपल्या पोराच्या तीनचाकीला हवा भरलेला टायर लावला. हा डनलॉप ढोरांचा डॉक्टर होता. आणि आपल्याकडे कित्येक गावांत टायरच्या बैलगाडीलाच डनलॉप म्हणतात, हे त्या डॉक्टरला कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

लोहारदादांनी एवढ्या सगळ्यातून एकच गोष्ट उचलली. "लोहार व्हता ना?" खूश झाले. मग वाकून नळीवरच्या पितळेच्या गड्ड्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, हे आमच्या बापाचं काम. कसं ओळखलं विचारलं तर म्हणाले, ते घासायचे नाहीत.

मी तो ग्राइंडरनं काढणार होतो हे सांगितलं नाही.

उरलेलं काम पटकन सांगतो, कारण ते पटकन झालं. सीटचं चामडं गावातच शिवून, कोमट पाण्यात भिजवून जुन्या स्प्रिंगच्या सांगाड्यावर ताणून तांब्याच्या रिव्हेटनं बसवलं, पहिले पंधरा दिवस ते तुम्हाला बसू देत नाही, मग तुमच्या मापाचं होतं. रंग काळा, आणि सोनेरी रेघा नंबरप्लेट रंगवणाऱ्या एका पेंटरनं हातानं मारल्या, मास्किंग टेप न लावता, श्वास धरून, मधे बायकोचा फोन आला तर रेघ पूर्ण होईपर्यंत उचलला नाही. कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी खीळ, ठोकताना चाचांनी क्रँकखाली लोखंडी नळी उभी टेकवली, नाहीतर हातोडीचा दणका छऱ्यांवर जातो आणि कपाला खड्डे पडतात. डाव्या पायडलचे बाभळीचे ठोकळे तसेच ठेवले आणि उजव्यालाही तसेच करून घेतले. खर्चाचा आकडा बायको हे वाचते म्हणून लिहीत नाही.

जुलैत पहिला पाऊस होऊन गेल्यावर सायकल गावी नेली, एसटीच्या टपावर टाकून. स्टँडवर उतरवली तर चार माणसं जमली. एकानं मडगार्ड ठोकून बघितलं, खरंच लाकडाचं आहे का. एकानं किंमत विचारली आणि मी सांगायच्या आत स्वतःच म्हणाला, नवीच लेवानी व्हती ना. एक म्हातारा लांबूनच बघत होता, त्यानं फक्त विचारलं, "आबानी सायकल शे ना हाई?" रंग नवा, सीट नवं, मडगार्ड लाकडाचे, मुठींना पितळ, काय बघून ओळखली त्यानं कुणास ठाऊक. गड्डा असेल.

नानांच्या दारात उभी केली. ते ओट्यावरून उतरले, मडगार्डवरून हात फिरवला, साच्यावर फिरवला होता तसाच. मुठीचं कडं नखानं टोकरून बघितलं, हललं नाही. घंटी एकदा वाजवली. म्हटलं नाना, बसता का? नाही म्हणाले, पण सीटवर हात ठेवून थोडी ढकलत नेली, चाकाचा आवाज ऐकत, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. बोलले पण ते कॅरिअरकडे बघून.

"फळी कोठे शे?"

"कुठली फळी नाना?"

"आबानी. गठ्ठा ठेवानी. मी बनाडेल व्हती."

मला कढईखालचा तो जाळ दिसला. सांगितलं त्यांना, खोटं कुठे बोलणार, की गोठ्यातली लाकडं होती ना, त्यातच. नाना काही म्हणाले नाहीत. जवळ आले, कॅरिअरवर डावा हात पसरून ठेवला, अंगठा एका बाजूला बाहेर काढून, मग करंगळीपाशी दुसरा हात लावला, ओठांत काहीतरी मोजलं आणि घरात ओरडून नातवाला पेन्सिल आणायला सांगितली.

"सव्वादोन वीत," म्हणाले. "धर इथं."